नेम लहान असावा, पण रोजचा असावा

(ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळा यानिमित्त नव्या सभामंडपात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण. ग्रामस्थांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



काल शिखरावर कलश चढला आणि आपणा सर्वांचे डोळे निवले. मुंबई-पुण्याला असलेली मंडळी झाडून गावी आली आहेत. माहेरवाशिणी आल्या आहेत. ज्यांनी हजारांनी दिले ते इथे बसले आहेत आणि ज्यांनी आठ दिवस पाट्या उचलून अंगमेहनत दिली तेही त्यांच्या शेजारीच बसले आहेत. हे दृश्य पाहिले म्हणजे गाव एक झाल्याची खात्री पटते. समितीचे आणि कारागिरांचे मी मनापासून अभिनंदन करतो.

समितीने मला असा विषय दिला की, सध्याच्या धावपळीच्या दिवसांत मन एका ठिकाणी कसे ठेवावे आणि रोजचा दिवस सार्थकी कसा लावावा, यावर चार शब्द बोला. विषय मोठा आहे. मी कीर्तनकार नव्हे, शाळामास्तर आहे. मास्तराची खोड अशी की, समोर फळा असल्याशिवाय त्याला शिकवता येत नाही. म्हणून आज हे देऊळच मी फळा समजतो आणि त्याच्याकडे बोट दाखवून मला जे सांगायचे आहे ते सांगतो.

मंडळी, देऊळ पडते कसे, याचा विचार आपण केला आहे काय? आपण म्हणतो, फार जुने झाले म्हणून पडले. पण दगडाला वय लवकर लागत नाही. याहून कितीतरी जुनी देवळे महाराष्ट्रात ताठ उभी आहेत. आपल्या शिखराची परांची बांधून वर चढले तेव्हा कारागिरांनी जे दाखवले ते पुष्कळांनी पाहिले आहे. पाखरे पिंपळाची फळे खातात, शिखरावर येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दगडाच्या सांध्यात पडते. पहिल्या पावसात त्याला दोन पाने फुटतात. त्या वेळी ते रोप दोन बोटांनी उपटून निघते. दुसऱ्या वर्षी विळा लागतो. पाच-सात वर्षांनी मुळी दरजांतला चुना फोडून आत शिरते, त्या फटीतून पाणी उतरते, दगड जागचा हलतो, आणि मग यारी आणावी लागते, पाथरवट आणावे लागतात, गावोगाव वर्गणी मागत फिरावे लागते. खर्च किती आला तो समिती जमाखर्चात छापणारच आहे. माझे म्हणणे एवढेच की, जे काम पहिल्या वर्षी दोन बोटांचे होते, ते पुढे सबंध गावाचे होऊन बसले.

माणसाच्या आयुष्याचेही असेच आहे. कोणाचाही संसार एका दिवसात मोडत नाही आणि कोणाही विद्यार्थ्याचे वर्ष एका दिवसात बुडत नाही. आज अभ्यास राहिला, उद्या करू; आज हिशेब लिहायचा राहिला, परवा लिहू; आज बांधावरची फट बुजवायची राहिली, पुढच्या पाळीला पाहू. ही सगळी दोन पानांची रोपे आहेत.

पण याच देवळाने दुसरीही एक गोष्ट दाखवली आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मंडप खचला होता, ओवऱ्या पडल्या होत्या, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी ठिबकत होते. त्या सगळ्या वर्षांत गुरवांच्या घरची दिवाबत्ती मात्र चुकली नाही. गुरवांच्या आजी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन भर पावसात यायच्या, समईत तेल घालायच्या, वात सारखी करायच्या आणि हात जोडून निघून जायच्या. सगळे मिळून पाच-दहा मिनिटांचे काम. त्यांचे कोणी कौतुक केले नाही आणि त्यांनीही ते मागितले नाही. आज आपण विचार करा. तो दिवा विझला असता, तर हे देऊळ बांधायचे कोणाला सुचले असते काय? रानात अशी कितीतरी पडकी देवळे आहेत, तिकडे कोणी वर्गणी घेऊन जात नाही. आपण पैसे दिले, कारण इथे रोज दिवा लागत होता. आजी आता आपल्यात नाहीत. कलशारोहण समारंभाने झाले, पण समारंभापर्यंत देऊळ पोचवले ते रोजच्या पाच मिनिटांनी. आजच्या भाषणाचे सार विचाराल तर ते इतकेच आहे.

आता नेम म्हणजे काय, हे वारकऱ्यांच्या गावात मी सांगायला नको. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढे चालायचे म्हटले तर आपली छाती दडपते. पण वारीत सत्तरीची म्हातारीही चालते. कारण तिला अडीचशे किलोमीटर चालायचे नसतात. तिला आज दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम गाठायचा असतो. पहाटे उठायचे, ठरल्या वेळी दिंडीत आपल्या जागी उभे राहायचे, ठरलेले अभंग म्हणायचे, संध्याकाळी हरिपाठ करायचा. आज काय करावे, याचा रोज नव्याने खल करावा लागत नाही. तो आधीच ठरलेला असतो, म्हणून मनाची शक्ती चालण्यासाठी आणि नामासाठी शिल्लक राहते. नेमाचा हा मोठा फायदा आहे. ज्याला नेम नाही, त्याचा अर्धा दिवस ‘आता काय करू’ यातच जातो.

थोरांच्या चरित्रांतही हेच दिसते. विनोबाजी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी कैदी बंधूंसमोर गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला अठरावे. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ती लिहून घेतली. त्या अठरा रविवारांचे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि अनेक भाषांत गेले. तुरुंगात सोय कसली असणार? तरी बोलणाऱ्याने रविवार चुकवला नाही आणि लिहिणाऱ्याने लेखणी खाली ठेवली नाही. पुढे १९५१ साली भूदानासाठी ते पायी निघाले. ती पदयात्रा जवळजवळ तेरा वर्षे चालली. रोज पहाटे उठून पुढच्या गावाला जायचे. तेरा वर्षांचा हिशेब कोणी एका दिवसात मांडू शकत नाही, पण एका दिवसाची चाल कोणालाही समजते.

अण्णासाहेब कर्वे हे दुसरे उदाहरण. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. १९०० साली त्यांनी विधवा भगिनींसाठीचा आश्रम शहराबाहेर हिंगण्याला नेला. सुरुवातीच्या काळात महाविद्यालयातले काम आटोपले की ते पायी हिंगण्याला जात. चिखलाची वाट, अंगावर लोकनिंदा, आणि संस्थेच्या गाठीला पैसा थोडा. त्या रोजच्या चालण्यातून पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे शाळा निघाव्यात म्हणून नवे मंडळ काढले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभरीत होते. अण्णासाहेब मोठे वक्ते म्हणून कोणी सांगत नाही. हाती घेतलेले काम उद्या पुन्हा करायचे, हाच त्यांचा गुण.

कोणी म्हणेल, मास्तर, ही मोठी माणसे, आम्ही शेतकरी. तर मग आपल्या गावातल्या दूध संस्थेत सकाळी जाऊन उभे राहा. म्हैस दिवाळी पाळत नाही की रविवार पाळत नाही. पहाटे आणि संध्याकाळी धार काढायची, किटली घेऊन संस्थेत जायचे, माप आणि फॅट वहीवर घ्यायचे. कोणी दोन लिटर घालतो, कोणी पाच. पण दहा दिवसांनी दुधाचा पगार हातात पडतो, त्यावर किराणा चालतो, मुलांच्या फीचे भागते. उसाच्या बिलाची वर्षभर वाट पाहावी लागते, दुधाचे पैसे मात्र दारात येतात. ज्या घरांनी ही दोन वेळची शिस्त सांभाळली, त्यांचे घर कसे वर आले ते तुम्हीच मला सांगाल.

आणि बहुतेक घरांत ही शिस्त कोण सांभाळते? भगिनी सांभाळतात. तेव्हा नेमाची गोष्ट त्यांना शिकवण्याचा आव मी आणत नाही. त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर संपतो. त्यांना मन शांत ठेवून वाचायला किंवा नुसते स्वस्थ बसायला अर्धा तास मिळतो का, याचा विचार पुरुषांनी करावा. घरातले एखादे काम आपल्या अंगावर घेऊन तो अर्धा तास त्यांना मोकळा करून द्यावा. एखाद्या गृहस्थाने आजपासून एवढाच नेम केला, तरी मी म्हणेन की त्याला देव पावला.

नेमानंतर साधेपणाचे सांगतो. पुन्हा देवळाकडे पाहा. या खांबांवर तैलरंगाचे किती थर होते! एका यात्रेला पिवळा दिला, दुसऱ्या यात्रेला निळा, मग गुलाबी. प्रत्येकाने भक्तीनेच दिला. पण थरावर थर चढून खांबांवरचे कोरीव काम बुजून गेले होते. या वेळी समितीने कारागिरांचे ऐकले आणि सगळा रंग काळजीपूर्वक काढून टाकला. खालून काळा दगड निघाला आणि त्यावरच्या वेलपट्ट्या दिसू लागल्या. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या जन्मात प्रथमच पाहिल्या. नवीन काही बसवले नाही; जास्तीचे होते ते काढले, आणि देऊळ सुंदर दिसू लागले.

आपल्या घरावरही असे थर चढले आहेत. शेजाऱ्याने केले म्हणून आपण करायचे. मुलीच्या लग्नात मांडव मोठा, बँड मोठा, पंक्ती मोठ्या, आणि मग सोसायटीचे कर्ज त्याहून मोठे. एका दिवसाच्या शोभेसाठी पाच वर्षांची झोप गहाण पडते. ज्याच्या मनात कर्जाचा आकडा फिरतो आहे, त्याचे मन एकाग्र कसे होणार? संत गाडगे महाराजांनी आयुष्यभर हेच सांगितले. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, मुलांना शाळेत घाला. त्यांच्याजवळ होते काय? एक खराटा, एक गाडगे आणि अंगावर चिंध्या. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी घर बांधले नाही. स्वतःच्या गरजा इतक्या थोड्या ठेवल्या, म्हणून सगळे आयुष्य लोकांसाठी मोकळे राहिले. साधेपणा म्हणजे कंजूषपणा नव्हे. मुख्य गोष्टीसाठी जागा मोकळी ठेवणे, याला साधेपणा म्हणतात.

आता तिसरी गोष्ट, एकाग्रता. आपला गाभारा कसा आहे पाहा. त्याला एकच दार आहे, खिडकी नाही. म्हणून आतली समईची ज्योत हलत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या मनाला वारा नसलेल्या जागेतील दिव्याची उपमा दिली आहे, ती आपल्या गाभाऱ्यात रोज पाहायला मिळते. तीच समई बाहेर ओट्यावर ठेवा, दहा वेळा विझेल. तेल तेच, वात तीच. पण चारही बाजूंनी वारा. आपल्या मुलांची बुद्धी कमी झाली आहे, असे मला चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर बिलकूल वाटत नाही. त्यांची समई आपण ओट्यावर ठेवली आहे.

हा वारा कुठून येतो, ते उघड आहे. आज घराघरात मोबाईल आहे. मोबाईल वाईट असे मी म्हणत नाही. त्यावर बाजारभाव कळतो, हवामान कळते, परगावच्या लेकराचा चेहरा दिसतो. पण पुस्तक उघडावे तोच तो वाजतो, जेवताना तो हातात असतो, आणि चार माणसे एका घोंगडीवर बसून चार दिशांना पाहत असतात. रात्री पाण्याची दारे धरताना तुम्ही काय करता? सऱ्या चार उघडल्या तर एकीच्याही टोकाला पाणी पोचत नाही. एक वाफा भरू द्यायचा, बुजवायचा, मगच दुसरा उघडायचा. लक्षाचेही पाण्यासारखेच आहे. ज्याला दारे धरता येतात, त्याला एकाग्रता वेगळी शिकवावी लागू नये.

भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड १९३० साली आणि शेवटचा १९६२ साली निघाला. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पाने. पोटासाठी ते मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत होते. अशी माणसे दिवसाचे तास कुठून जास्तीचे आणत नाहीत. एक विषय धरतात आणि तो सोडत नाहीत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक चांगला पायंडा पाडला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने मिळून ठरवले. वर्तमानपत्रांतून याची बातमी सगळीकडे गेली. त्यातली खुबी मला अशी दिसते की, एकट्या मुलाला ‘मोबाईल ठेव’ म्हटले तर तो रुसतो. पण सगळ्या गावाने ठेवला तर रुसणार कोणावर?

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे. आपल्याला भोंग्याची गरज नाही, नवी घंटा आता मंडपात टांगली आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर ती एकदा वाजवावी आणि तिथून एक तास गावाने हे यंत्र बाजूला ठेवावे. ज्यांच्या घरी जागा नाही, त्या मुलांनी या सभामंडपात येऊन अभ्यास करावा. दिवे समितीने लावलेलेच आहेत. मोठ्यांनी पारावर बसावे, पोथी वाचावी, एकमेकांशी बोलावे. हे केवळ मुलांसाठी करू नका. मोठी माणसे करतील तरच मुले करतील.

दुसरी सूचना ज्याच्या त्याच्यासाठी. प्रत्येकाने देवासमोर एक नेम बोलावा. एकच बोलावा. आजच्या उत्साहात दहा नेम बोलाल आणि आठवड्यात दहाही सुटतील. नेम इतका लहान असावा की आजारी माणसालाही तो पाळता यावा. एक पान वाचणे, दहा ओळी शुद्ध लिहिणे, दिवसाचा खर्च वहीत मांडणे, अंगण आणि समोरचा रस्ता झाडणे. तो एखाद्या जुन्या सवयीला बांधून टाकावा, म्हणजे विसर पडत नाही. चहा घेतला की हिशेब, आंघोळ झाली की पान, दिवा लावला की पाढे. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा खाडा लिहितो ना, तसा नेमाचाही खाडा लिहावा. एक खाडा पडला तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा लागावे. पण लागोपाठ दोन खाडे पडू देऊ नयेत. दोन पानांचे रोप ते हेच.

तिसरी सूचना या देवळासाठी. आज इथे पाय ठेवायला जागा नाही. परवा एसट्या भरभरून मुंबईकर-पुणेकर परत जातील, पेंडॉल सुटेल, आणि देऊळ व गावात राहणारी माणसे मागे उरतील. खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. समितीने दरवर्षी पाऊस सरला की, नवरात्राच्या आधी, जाणत्या गवंड्याला वर चढवून शिखर तपासून घ्यावे आणि जे रोप दिसेल ते तेव्हाच काढावे. मंडप झाडण्याची पाळी आळीवार लावावी आणि तिची पाटी दारात टांगावी. दिवाबत्तीचा भार एकट्या गुरवांच्या घरावर टाकू नये. त्यांची पुढची पिढी शिकते आहे, नोकरीला जाईल, आणि जावेच. तेलाचा खर्च आणि आठवड्यातला एकेक दिवस गावाने वाटून घ्यावा. परगावी असलेल्या मंडळींनी पुढच्या जीर्णोद्धाराला मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहा थोडे थोडे पाठवावे, म्हणजे पुढचा जीर्णोद्धार लांबेल.

आपल्या पूर्वजांनी हे देऊळ उभे केले. मधल्या काळात ते खचले आणि आपल्या पिढीने सावरले. आता इथे पुढे बसलेली ही चिमणी मंडळी म्हातारी होतील तेव्हा त्यांना वर्गणी मागत फिरावे लागू नये, एवढे आपल्या हातात आहे. त्याला पैसा थोडा लागेल. रोजची पाच मिनिटे मात्र चुकता कामा नयेत.

महाप्रसादाची वेळ झाली आहे आणि वाढप्यांची माझ्याकडे नजर लागली आहे. जाता जाता प्रत्येकाने गाभाऱ्यापुढे घटकाभर उभे राहून आपला एक नेम मनात ठरवावा आणि उद्या पहाटेपासून तो धरावा, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.

राम कृष्ण हरी.